ओढणाऱ्याची सुटका आणि विकणाऱ्याचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात असते? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही. त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आला, एवढेच. त्या कायद्याखाली दारू बाळगण्याचा आणि पिण्याचा जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. थर्टीफर्स्ट जवळ आला की एकदिवसीय परवान्यांची चवड बारच्या गल्ल्याशेजारी येऊन पडते, हिशेब जुळावा म्हणून फाडली जाते, आणि ज्याच्या आरोग्यापायी ती फाडली ते गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पंचविशीच्या आतल्याला व्हिस्की आणि एकविशीच्या आतल्याला बिअर द्यायची नाही, असाही नियम आहे. तो कसा पाळला जातो, हे कोणत्याही कॉलेजच्या कट्ट्यावर विचारावे.

गांजा आणि तत्सम नशा कायदेशीर केल्याने समाजाचे भले होईल का, हा प्रश्न आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी उसळतो. बहुधा एखादा छापा पडलेला असतो, एखाद्या बड्या घरातला मुलगा त्यात सापडलेला असतो, वाहिन्यांवर आठवडाभर कल्लोळ चालतो. एक बाजू म्हणते, जग बदलले, कॅनडात झाले, जर्मनीत झाले, आपणच कशाला मागे राहायचे. आणि तसाही हा शंकराचा प्रसाद आहे. दुसरी बाजू म्हणते, तरुण पिढी बरबाद होईल. या दोन्ही बाजू एकाच शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकायचे की नाही, ही एक गोष्ट. विकणाऱ्याला दुकानाचा परवाना द्यायचा की नाही, ही दुसरी. पहिलीचे उत्तर आमच्या मते स्पष्ट आहे. दुसरीचे उत्तर गांजापेक्षा सरकार नावाच्या दुकानदारावर अधिक अवलंबून आहे, आणि त्या दुकानदाराचा आपला अनुभव जुना आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे बोलीभाषेतला एनडीपीएस, १९८५ साली संसदेने महिन्याभराच्या आत संमत केला. त्याच्या व्याख्येत चरस आहे, गांजाच्या झाडाचा फुलोरा आहे. निव्वळ पाने आणि बिया नाहीत. त्यामुळे पानांपासून होणारी भांग केंद्रीय कायद्याच्या कचाट्यातून सुटली आणि उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारमान्य दुकानांतून विकली जात राहिली. हा अपवाद आपोआप आलेला नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वेळी भारताने पानांना त्यातून वगळायला लावले होते, आणि उरलेला वापर बंद करायला पंचवीस वर्षांची सवड मिळवली होती. १९८५ चा कायदा त्या मुदतीच्या अखेरीस आला. एकाच झाडाचे पान खाल्ले तर होळीचा सण आणि फूल ओढले तर फौजदारी, अशी ही विभागणी आहे. महाराष्ट्रात मात्र पानही मोकळे नाही. इथे भांग दारूबंदी कायद्यातल्या मादक पदार्थांत मोडते आणि विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरतो. महाशिवरात्रीला हे कोणी फारसे मनावर घेत नाही, हा भाग वेगळा.

या झाडाबद्दल सरकारी पातळीवर सर्वांत बारीक चौकशी झाली ती १८९३-९४ साली. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली म्हणून इंग्रज सरकारने आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि अहवालाचे सात खंड भरले. त्यात सर्वांत वाचनीय भाग आहे तो इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. वेडाचे कारण या रकान्यात ‘गांजा’ कसा भरला जातो, हे आयोगाने तपासले. बहुतेक वेळा रुग्णाला घेऊन येणारा पोलीस सांगेल ते कारकून लिहून घेई, आणि रकाना रिकामा ठेवलेला वरच्याला चालत नसे. आयोगाने एकेक प्रकरण उकरून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी गांजाचा संबंध टिकला नाही. माफक सेवनाने बहुतेकांचे फारसे बिघडत नाही, अतिसेवनाने बिघडते, आणि बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, असा निष्कर्ष निघाला. कायदेशीरपणाचे समर्थक हा अहवाल आजही पुढे करतात. तो उत्तमच आहे. पण चौकशी करणारे सरकारच गांजावर अबकारी घेत होते, बंगालमध्ये नवगावला सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत होता, आणि तेव्हाचा गांजा हा आजचा गांजा नव्हता, या तीन गोष्टी विसरून तो वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. गांजात नशा आणणारे जे मुख्य द्रव्य, टीएचसी, त्याचे प्रमाण गेल्या तीस वर्षांत कलमे करून कितीतरी वाढवले गेले. अमेरिकेत नव्वदच्या दशकात पकडलेल्या गांजात ते चार टक्क्यांच्या आसपास असे; आज दुकानातल्या फुलात पंधरा-वीस टक्के सहज असते आणि अर्क काढून विकतात त्यात साठ-सत्तरच्याही पुढे. युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या शहरांची पाहणी २०१९ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आली. कडक गांजा रोज ओढणाऱ्यांत चित्तभ्रमाचा आजार जडण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. गांजाने काही होत नाही, असे म्हणणाऱ्याने आजोबांच्या चिलमीचा दाखला देण्याआधी हे वाचावे. आणि गांजाने माणूस वेडाच होतो, असे म्हणणाऱ्याने त्या जुन्या नोंदवहीतला रकाना आठवावा.

आता पकडले कोण जाते ते पाहू. २००१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मालाच्या वजनावरून शिक्षा ठरवली. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, वीस किलोंच्या वर ‘व्यापारी प्रमाण’; एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, हेच आकडे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. गांजा नुसता ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. देशभर या कायद्याखाली वर्षाला एक लाखाहून अधिक गुन्हे नोंदले जातात. महाराष्ट्र त्यात कायम वरच्या राज्यांत असतो, आणि इथल्या गुन्ह्यांत बहुसंख्य गुन्हे विक्रीचे नसून सेवनाचे असतात. ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांतली प्रकरणे तपासली तेव्हा चित्र तेच दिसले: बहुतेक प्रकरणे गांजाची, बहुतेक स्वतः ओढणाऱ्यांची, आणि आरोपी मोठ्या संख्येने रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले किंवा फुटपाथवरचे.

ही प्रक्रिया जवळून पाहण्यासारखी असते. रेल्वे रुळाच्या कडेला, पुलाखाली, बांधकामाच्या आडोशाला चिलीम फिरत असते. गस्तीची गाडी येते. चिलीम, साफी आणि काडेपेटी पंचनाम्यात जाते, माणूस वैद्यकीय तपासणीला जातो, मग कोर्टात. वकील नसतो, असला तर त्याला आज वेळ नसतो. गुन्हा कबूल केला तर दंडावर सुटका होते. नाकबूल केला तर तारखा, आणि तारखेगणिक बुडालेली मजुरी. तो कबूल करतो. पोलीस ठाण्याच्या तक्त्यावर एक कारवाई चढते. गांजा त्याच्यापर्यंत कोणी पोचवला, हा प्रश्न त्या तक्त्यात विचारलेला नसतो. आणि तोच गांजा मलबार हिलवरच्या गच्चीत ओढला जातो तेव्हा तिथे गस्तीची गाडी जात नाही. गेलीच तर देशभर बातमी होते, म्हणजे ती किती क्वचित जाते याचाच तो पुरावा.

ओढणाऱ्याला शिक्षा केल्याने कोणाचे भले होते, याचे उत्तर आजवर कोणी पटेल असे दिलेले नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. गांजा, चरस किंवा भांग घेणारे तीन कोटींच्या वर आणि अफूवर्गीय पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज तिने दिला. बेकायदा पदार्थांचे व्यसन जडलेल्या दर वीस जणांत एखाद्यालाच काहीतरी उपचार मिळालेले होते. इतरांना काय अडवत असेल? उपचाराची सोय जवळ नाही हे खरेच. पण आपण जे करतो तो गुन्हा आहे, दवाखान्यात नाव लिहिले की पोलीस येतील, ही धास्तीही आहे. डॉ. अनिल अवचट यांनी ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यातल्या ब्राउन शुगरच्या विळख्यावर ‘गर्द’ लिहिले आणि डॉ. अनिता अवचट यांच्यासह १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला हातभार होता. ‘गर्दुल्ला’ म्हणून समाजाने ओवाळून टाकलेल्या माणसाला रुग्ण म्हणून आत घ्यायचे, ही त्या कामाची सुरुवात होती. कायदा मात्र अजूनही त्या माणसाला आधी आरोपी म्हणूनच ओळखतो.

पोर्तुगालने २००१ साली वेगळी वाट धरली. तेव्हा एक कोटीच्या त्या देशात सुमारे लाखभर लोक हेरॉइनच्या आहारी गेले होते आणि लिस्बनच्या काझाल व्हेंतोझू वस्तीत लोक रस्त्यावर सुया टोचून घेत. पोर्तुगालने अमली पदार्थ कायदेशीर केले असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते; ते चूक आहे. विक्री तिथे आजही गुन्हा आहे, विकणारा आजही तुरुंगात जातो. फक्त दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ सापडला तर प्रकरण फौजदारी कोर्टात न जाता तीन जणांच्या समितीपुढे जाते. त्यांत कायदा जाणणारे असतात, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारे असतात. ही माणसे बसून विचारतात: किती दिवसांपासून घेतोस, काम आहे का, घरी कोण आहे. व्यसन नसेल तर बहुधा समज देऊन सोडतात, असेल तर उपचाराची वाट दाखवतात. सुयांमुळे एचआयव्हीची लागण होणाऱ्यांची संख्या वर्षाला हजाराच्या घरात होती; दहा-बारा वर्षांत ती शंभराच्या आत आली. देश नशेत बुडेल हे भाकीत खोटे ठरले.

ही गोष्ट इथेच थांबवली तर सोपी होते, पण तशी ती नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान घेऊन पोर्तुगालचीच वाट धरली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात स्वतःपुरता माल बाळगणे पुन्हा गुन्हा ठरवले. काय बिघडले? ओरेगनने शिक्षा काढली, पण समिती नेमली नाही. पोलिसाने शंभर डॉलरची पावती द्यायची, आणि एका फोन क्रमांकावर आरोग्याची चौकशी करून घेतली की ती माफ, अशी योजना होती. फोन जवळजवळ कोणी केलाच नाही. उपचार केंद्रांसाठीचा पैसा पोचायला महिनोन्‌महिने लागले आणि नेमका त्याच काळात फेंटॅनिल नावाचे जीवघेणे द्रव्य पश्चिम किनाऱ्यावर येऊन थडकले. लोकांना रस्त्यावर जे दिसले त्याचा दोष त्यांनी कायद्याला दिला. तो सगळा त्याचा होता की नाही यावर अभ्यासकांत वाद आहेत. खुद्द पोर्तुगालातही आर्थिक मंदीनंतर उपचार यंत्रणेचा पैसा आटला, तेव्हा पोर्तो शहराच्या रस्त्यांवर पुन्हा सुया दिसू लागल्या. म्हणजे यश शिक्षा काढण्यात नव्हते. शिक्षेच्या जागी काय ठेवले त्यात होते. आपल्याकडे शिक्षा काढायची बातमी एका दिवसात होईल. तिच्या जागी जे ठेवायचे, त्याला डॉक्टर, समुपदेशक आणि पगार लागतात.

इथपर्यंत ओढणाऱ्याचे झाले. आता दुकान.

दुकानाच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे कमी वजनाची नाहीत. माफियाचा पैसा तुटेल, मालाची तपासणी होईल, सरकारला कर मिळेल, पोलीस खऱ्या गुन्ह्यांकडे वळतील. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१४ च्या जानेवारीपासून गांजा दुकानात मिळू लागला. अटका घटल्या, कराचा काही भाग शाळांच्या इमारतींना गेला, आणि किशोरवयीन मुलांत सेवन भडकेल ही भीती मोठ्या प्रमाणावर खरी ठरली नाही. कॅनडात ऑक्टोबर २०१८ नंतर बहुतेक गिऱ्हाईक हळूहळू बेकायदा बाजाराकडून कायदेशीर दुकानाकडे वळले. हे मान्य करायला हवे.

पण बाजाराचा एक हिशेब आहे आणि तो कोणत्याही नशेला लागू पडतो. कोलोरॅडोने स्वतःच करवून घेतलेल्या पाहणीत दिसले की सुमारे एक पंचमांश गिऱ्हाईक, म्हणजे रोज ओढणारे, एकूण मालापैकी दोन तृतीयांश संपवतात. दुकानदाराचा धंदा शनिवारी रात्री मित्रांबरोबर एक झुरका मारणाऱ्यावर चालत नाही. तो चालतो ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते त्याच्यावर. आरोग्य खात्याला ज्या माणसाने कमी घ्यावे असे वाटते, त्यानेच जास्त घ्यावे असे दुकानाला वाटते. मग गोळ्या येतात, चॉकलेटे येतात, नवनवे स्वाद येतात, अर्क कडक होत जातो. कॅनडातल्या ऑन्टारियोत घरातली गांजाची मिठाई खाऊन लहान मुले इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण विक्री सुरू झाल्यानंतर वाढले, ते त्यामुळेच. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम सांगणारा कायदा केलाच नाही. बँकॉकच्या गल्लोगल्ली हजारो दुकाने उगवली, आणि तीन वर्षांत सरकारला डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून माघार घ्यावी लागली.

याहून मोठा धडा गांजाचा नाही. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली. ती पूर्ण कायदेशीर होती, परवाना घेतलेल्या कंपनीची होती, डॉक्टर लिहून देत होते, गुणवत्तेची तपासणी चोख होती. व्यसन लागण्याचा धोका फारसा नाही, असे सांगून ती खपवली गेली. पुढे त्या देशात अतिसेवनाने वर्षाला लाखाहून अधिक मृत्यू होऊ लागले, त्या वाटेचे पहिले पाऊल या गोळीचे होते. कायदेशीर केले की माल शुद्ध होतो, हे बरोबर आहे. शुद्ध मालाने माणूस मरत नाही, हे बरोबर नाही.

उरुग्वेने दुकानदारीचा हा हिशेब ओळखून मुद्दाम कंटाळवाणी व्यवस्था उभी केली. २०१३ चा कायदा, आणि औषधांच्या दुकानातून विक्री सुरू झाली थेट २०१७ च्या जुलैत. नाव नोंदवायचे, महिन्याला चाळीस ग्रॅमच्या वर मिळणार नाही, ताकद सरकार ठरवणार, किंमत सरकार ठरवणार, जाहिरात नाही, परदेशी पाहुण्याला विक्री नाही. हौस असेल त्याने घरी सहा झाडे लावावीत किंवा क्लबात नाव घालावे. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून तीन झाडे आणि जुलैपासून सभासदांचे क्लब एवढेच मोकळे केले, दुकान उघडले नाही. या व्यवस्थांवर कोणी श्रीमंत झालेले नाही, आणि तेच त्यांचे बळ आहे.

आपले सरकार असे कंटाळवाणे दुकान चालवील का? याला अंदाजाची गरज नाही. महाराष्ट्राने नशेचे तीन प्रयोग स्वतःच्या अंगावर करून पाहिले आहेत. गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि दरवर्षी बंदीचा आदेश नव्याने निघतो. शेजारच्या राज्यांतून तो येतो आणि टपरीवर मागितला की टपरीवाला समोरच्या बरण्यांना हात न लावता खालच्या पिशवीतून काढून देतो. बंदीने फक्त दर वाढला. दुसरा प्रयोग जिल्हा दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिच्यामागे गावागावांतल्या लोकांची चळवळ आहे, म्हणून ती खोटी झाली तरी निदान कोणाची तरी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. अवैध दारू, तस्करीत ओढली गेलेली बायका-मुले आणि बुडालेला महसूल ही कारणे सरकारने दिली. यातली पहिली दोन खरी मानली तरी तिसरे कारण नसते तर बंदी उठली असती का, हे विचारायला हवे. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही २०१५ चा जून विसरू नये. मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, आणि ती वस्ती कोणत्याही दारूबंदी जिल्ह्यात नव्हती. गरिबाला परवडेल अशी कायदेशीर दारू महाग झाली की मिथेनॉलचा डबा आपली जागा शोधतो.

तिसरा प्रयोग उघड्या विक्रीचा, आणि आपल्या प्रश्नाला तोच सर्वांत जवळचा. उत्पादन शुल्काचे उत्पन्न वर्षाला वीस हजार कोटींच्या पुढे गेले आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा शुल्काचा दर उत्पादन मूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेला आणि वर्षाला आणखी चौदा हजार कोटी अपेक्षित धरले. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांचा भार पेलायला हे पैसे लागणार, असे तेव्हा उघड बोलले गेले. बहिणीच्या खात्यात यायचे पैसे मेहुण्याच्या बाटलीतून काढायचे, असा हा व्यवहार. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा द्राक्ष बागायतदारांचे नाव पुढे केले होते. विरोध झाल्यावर तो बासनात गेला. कारण दरवेळी वेगळे असते: कधी शेतकरी, कधी पर्यटन, कधी बहीण. दिशा एकच असते. आणि ‘एम्स’च्याच पाहणीनुसार देशात दारूपायी मदतीची गरज असलेले पावणेसहा कोटी लोक आहेत; दारूचे व्यसन जडलेल्या अडतीस जणांत एकाला उपचार मिळाला होता. म्हणजे कायदेशीर असलेल्या नशेच्या रुग्णाला बेकायदा नशेच्या रुग्णापेक्षाही कमी मदत पोचली. गांजावरच्या करातून व्यसनमुक्ती केंद्रे चालवू, असे आश्वासन उद्या कोणी दिले तर हा आकडा समोर ठेवावा. शिवाय सरकारी कराचा पैसा एकत्रित निधीत जातो. तिथे गेल्यावर तो कोणत्या नशेतून आला हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

महाराष्ट्राने दारूच्या बाबतीत एक गोष्ट मात्र चांगली केली आहे आणि तिची दखल या वादात कोणी घेत नाही. ‘उभी बाटली, आडवी बाटली’. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिलांनी मागणी केली तर मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. निम्म्याची अट एकूण मतदारांची असल्याने ती अवघड आहे. मतदानाच्या दिवशी घरात कोंडून ठेवणे, साड्या वाटणे, नावे यादीतून गळणे असे सगळे होते. तरी अनेक गावांनी बाटली आडवी केली आहे. नशेच्या दुकानाचा त्रास ज्यांना भोगावा लागतो त्यांच्या हाती दुकान बंद करण्याचा अधिकार देणारी ही तरतूद आहे. कधीकाळी गांजाची विक्री सुरू करायची झाली तर पहिल्या दिवसापासून हा अधिकार कायद्यात हवा, आणि तो प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर ठरायला हवा.

एमडीबद्दल मात्र चर्चा लांबवण्याचे कारण नाही. मेफेड्रोन २०१५ साली बंदीच्या यादीत आले. ते शेतात पिकत नाही, रासायनिक कारखान्यात तयार होते, आणि रासायनिक कारखान्यांची महाराष्ट्रात वाण नाही. नाशिकजवळचा शिंदे गावचा कारखाना २०२३ च्या ऑक्टोबरात सापडला, दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला २०२४ च्या फेब्रुवारीत. माल शेकडो, हजारो कोटींचा. त्याआधी पुण्यात अमली पदार्थ प्रकरणातला एक कैदी सरकारी रुग्णालयातल्या मुक्कामातून पळाला आणि तिथून तो काय काय चालवत होता हे बाहेर आले. पुलाखालची चिलीम हुडकणाऱ्या यंत्रणेला एमआयडीसीतला अख्खा कारखाना इतके दिवस दिसला नव्हता. सेवन करणाऱ्यांमागचे पोलीस बळ काढून घेतले तर ते कुठे लावायचे, याचे उत्तर यातच आहे. एमडी, हेरॉइन, कोकेन यांचे दुकान कोणत्याही अटीवर नको, आणि बनवणाऱ्याला कायद्याने आज जी शिक्षा आहे ती सौम्य करण्याचेही कारण नाही.

गांजाचे दुकानही आज नको, असे आमचे मत आहे; गांजा दारूपेक्षा वाईट आहे म्हणून नव्हे, तर दारूचे दुकान आपण कसे चालवले ते दिसते म्हणून. सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूर तालुक्यात कापसा-तुरीच्या आड गांजा लावणारा शेतकरी या उत्तराने समाधानी होणार नाही, आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. औद्योगिक आणि औषधी वापराची लागवड उत्तराखंडने परवान्याने सुरू केली, हिमाचल त्या वाटेवर आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारतानेच मत दिले. तो वेगळा विषय आहे आणि त्यात महाराष्ट्राने मागे राहू नये.

उरतो तो पुलाखालचा माणूस. अल्प प्रमाणातल्या सेवनाला गुन्ह्यातून वगळावे, अशी शिफारस केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ सालीच केल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढे काही झाले नाही. दुरुस्ती दिल्लीत व्हायची तेव्हा होईल. पण आजच्याच कायद्यात कलम ३९ आहे: दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी, सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला पाठवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कलम ६४-अ आहे: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही. कलम ७-अ खाली अमली पदार्थांशी लढण्यासाठी राष्ट्रीय निधी आहे, आणि जप्त मालमत्तेच्या विक्रीचे पैसे त्यात जातात. दंडाधिकाऱ्यापुढे उभ्या असलेल्या, वकील नसलेल्या माणसाला यातले काहीही कोणी सांगत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या एका वकिलाने सकाळी तासभर त्या कोर्टात बसून एवढे सांगितले तरी पुष्कळ जण दंडाच्या पावतीऐवजी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतील. त्यासाठी राज्याने करायचे काम एकच: ती चिठ्ठी घेऊन माणूस जिल्हा रुग्णालयात जाईल तेव्हा तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाची जागा भरलेली असावी, आणि वॉर्डात खाट रिकामी असावी.